वामनरावांच्या घरचा सोंग्या

बाभुळगावाजवळच्या एका खेड्यात वामनराव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते: खणखणीत आवाज आणि घरातला सोंग्या. नाटकात उभे राहिले असते तर शेवटच्या पोत्यावर बसलेल्याची झोप उडाली असती. पण बिचाऱ्यांची सगळी कला घरातच खर्च झाली.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी पोळ्यासाठी ठेवलेला गूळ गायब झाला. बायकोने, कोकिळाबाईंनी, विचारलं तेव्हा वामनरावांनी मिशीवरचा कण पुसून सांगितलं, "सोंग्या असन. भांड्यावानी दिसते, भांड्याच्या रांगेत बसते, अन् आपला डोया लागला का खाते."

त्यानंतर बारा वर्षं तूप, शेंगदाणे, तिळाचे लाडू, सगळं सोंग्याच्या नावावर गेलं. गावातल्या नवरेमंडळींना हा प्राणी इतका आवडला की तो घरोघरी राहायला आला. ग्रामपंचायतीची सतरंजी हरवली तेव्हा सरपंचांनीही गंभीर चेहऱ्याने सोंग्याचंच नाव घेतलं. सतरंजी कोणत्या भांड्याने खाल्ली, हे कोणी विचारलं नाही.

एकोणसाठ साली हिवतापाचे फवारेवाले आले. घरातलं झाडून सगळं सामान अंगणात काढायचं, मग आत औषध मारायचं, असा हुकूम होता. चौथी शिकलेल्या कोकिळाबाईंनी पितळी भांडी उन्हात ओळीने मांडली आणि एकेकावर कोरलेलं नाव वाचत निघाल्या. लग्नातलं भांडं देणाऱ्याचं नाव अंगावर घेऊनच येतं. मामाचा पाणी भरायचा गुंड, आत्याचा वरण शिजवायचा गंज, बबनरावांकडचा परातीसारखा कोपर. फवारेवाला घनश्याम पाठीवर पंप घेऊन थांबला. शेजारच्या बायाही जमल्या.

वामनराव ओट्यावर बसून बघत होते. रांगेच्या टोकाला एक बुटका डबा होता. तो त्यांनी स्वतःच गुपचूप आणून कोठीमागे दडवला होता. नाव घालायला तेवढे विसरले होते.

"याच्यावर नाव नाई," कोकिळाबाई म्हणाल्या. "काहो, हाच का तुमचा सोंग्या?"

हो म्हणावं तर डबा जातो, नाही म्हणावं तर बारा वर्षांची अब्रू. वामनरावांनी अब्रू वाचवली. "हाच!" ते गरजले. "बराबर वयखला तू!"

"मंग घनश्यामभाऊ," कोकिळाबाई म्हणाल्या, "मी झाकन उघडतो. तुमी याच्या तोंडात फवारा मारा."

घनश्यामने नळी पुढे केली.

"अवो, थांब!" वामनराव ओट्यावरून उडी मारून धावले. "लाडू हायेत त्याच्यात!"

"तुमाले कसं ठाऊक?" कोकिळाबाईंनी विचारलं.

वामनरावांचा हात सवयीने मिशी पुसायला गेला. शेजारच्या इंदूबाई पहिल्यांदा हसल्या. "माय वो! आमच्या घरच्या सोंग्यालेबी मिश्या हायेत!"

घनश्यामने आत औषध मारलं, गेरूने भिंतीवर तारीख लिहिली आणि वही काढली. "घरात मानसं किती?"

"दोन लिवा," कोकिळाबाई म्हणाल्या. "मी अन् सोंग्या."

पुढच्या बाजारी बाभुळगावात नावं कोरणाऱ्या कासारापुढे गावातले नऊ नवरे, बिननावाचे डबे धोतराच्या सोग्यात झाकून, रांगेत उभे होते. वामनरावांचा डबा मात्र उघडा होता, आणि हातात बायकोची चिठ्ठी: 'वामनरावांस, कोकिळेकडून.'

तेव्हापासून दर शनिवारी कोकिळाबाई स्वतः त्यात दोन लाडू ठेवत. वामनराव भर ओट्यावर बसून खात, पण पहिला घास घेण्याआधी सवयीने एकदा मागे वळून बघत.