घरच्या माणसाकडून

ओथा टिलरी एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होता. दक्षिण जॉर्जियातल्या त्या काउंटीत असा एकही कच्चा रस्ता नव्हता, ज्यावर त्याच्या पिवळ्या बसनं धूळ उडवली नव्हती. ज्यांना त्यानं एके काळी शाळेत पोचवलं, त्यांचीच पोरं आता त्याच्या मागच्या बाकांवर दंगा करत आणि त्याला 'मिस्टर ओथा' म्हणत. अंगानं तो आडवा होता, बोलायला कमी. सकाळची फेरी साडेआठला संपायची, दुपारची अडीचला सुरू व्हायची. मधला वेळ गॅरेजमागच्या जेवणाच्या खोलीत जायचा, कारण तिथं एसी होता आणि तिथं हॉलिस होता.

हॉलिस ग्रिम्ज हा गॅरेजचा मुख्य मेकॅनिक. हॉलिस गोरा, ओथा काळा. वीस वर्षं एका टेबलावर जेवल्यावर ते कुणी मोजत नव्हतं, निदान मोजत नाही असं दाखवत होतं. हॉलिसच्या बायकोनं उकडलेल्या शेंगा पाठवल्या की निम्मी पिशवी ओथाची. ओथाच्या बायकोनं पीचचा गोड पदार्थ केला की एक डबा हॉलिसचा.

या खोलीतल्या दहा जणांची अमेरिकन फुटबॉलची फॅन्टसी लीग होती. खऱ्या खेळाडूंना आपापसांत वाटून घ्यायचं, कागदावरचे संघ उभे करायचे आणि रविवारी खरा खेळाडू मैदानात जे करील त्याचे गुण आपल्या नावावर लावायचे. चेंडू झेलणारे पायलीचे पन्नास मिळतात. पण चेंडू पोटाशी धरून समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसणारे, ते रनिंग बॅक, मोजके असतात आणि लवकर मोडतात. म्हणून सगळ्यांची मदार त्यांच्यावर. दर ऑगस्टमध्ये हॉलिस या रनिंग बॅकची क्रमवार यादी करायचा. चाळीस नावं, आणि प्रत्येकापुढे दोन ओळी. 'सत्तावीस पूर्ण. उतार लागला.' 'घोटा दोनदा मोडलाय. दुसऱ्याला घेऊ द्या.' इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस तो, माणसांच्या पायांबद्दलही सहसा चुकत नसे. पुढे पुढे तो ही यादी इंटरनेटवर टाकू लागला आणि कुठकुठले हजारो लोक ती वाचू लागले. गॅरेजमधल्या कुणाला हे नीटसं खरं वाटायचं नाही, पण हॉलिसची मान मात्र त्यानंतर जरा ताठ झाली होती.

ओथा लीगमध्ये नव्हता. तो नुसता बसून ऐकायचा. कारण त्याचा स्वतःचा मुलगाच त्या यादीत होता.

जवारिस टिलरी. गावच्या शाळेच्या मैदानावर त्याला पळताना बघायला शुक्रवारी अख्खं गाव लोटायचं. तो व्यावसायिक संघात गेला त्या पहिल्या वर्षी हॉलिसनं त्याला एकतिसावा लावला. दुसऱ्या वर्षी सहावा. त्या दिवशी खोलीत सगळ्यांनी उठून ओथाशी हात मिळवला, जणू तोच पळणार होता. ओथानं यादीची घडी करून खिशात घातली आणि घरी नेऊन बायकोपुढे ठेवली.

वर्नेलनं चष्मा लावून ती सबंध वाचली.

"वय लिहिलंय, वजन लिहिलंय, गुडघे कसे आहेत तेही लिहिलंय," ती म्हणाली. "ओथा, आपल्या खापरपणज्यांची पण अशी यादी केली होती कुणीतरी. कोर्टासमोरच्या ओट्यावर लिलावाला उभं करून."

"अगं, खेळ आहे तो. हॉलिस माझा मित्र आहे."

"मी कुठं नाही म्हटलं."

तिनं कागद परत दिला. ओथा मनातून खट्टू झाला, पण कागद त्यानं टाकला नाही.

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात जवारिसच्या उजव्या गुडघ्यावर एक माणूस पडला. ऑपरेशन झालं. चौथं वर्ष त्याच्या कराराचं शेवटचं. ते नीट गेलं तर पुढचा करार मोठा, नाही तर काही नाही. जुलैत ओथा त्याला भेटायला गेला तेव्हा सकाळी त्यानं पोराला जिना उतरताना पाहिलं. कठड्याला धरून, आडवा होऊन, एकेक पायरी. सव्वीस वर्षांचा मुलगा.

जवारिसनंही त्याला पाहिलं. खाली आल्यावर तो म्हणाला, "डॅडी, गुडघ्यात पाणी साचतं. दर सोमवारी एका बाहेरच्या डॉक्टरकडे जाऊन सुईनं काढून घेतो. संघाच्या डॉक्टरला माहीत नाही. मला, तुम्हाला आणि डेव्हनला, तिघांनाच."

डेव्हन म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याच घरात राहायचा, गाडी चालवायचा, सोमवारी त्याला त्या डॉक्टरकडे न्यायचा.

"हे बरोबर आहे का रे?" ओथानं विचारलं.

"सप्टेंबरपर्यंत कसं तरी निभावायचंय. एकदा हंगाम सुरू झाला की मग बघू. आईलाही सांगू नका."

"नाही सांगत," ओथा म्हणाला. आणि त्यानं खरंच सांगितलं नाही. घरी येऊन वर्नेलला म्हणाला, पोरगा मजेत आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हॉलिसनं यादीचा कच्चा कागद टेबलावर पसरला. माणसं भोवती जमली. जवारिस अडतिसावा होता.

"अडतिसावा?" ओथा म्हणाला. एरवी तो यादीबद्दल कधी बोलायचा नाही.

"सरावाचे व्हिडिओ बघितले मी," हॉलिस म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस, ओथा. पण दुसऱ्या धडकेला पोरगा आधीच खाली बसतो. मन नाही राहिलं त्याचं."

"पैसे मिळाले की होतंच असं," प्रेंटिस म्हणाला. हा आठ नंबरची बस चालवायचा आणि त्याला प्रत्येक गोष्टीत तोंड घालायची सवय होती. "मोठं घर, मोठी गाडी. आता कशाला अंग मोडून घेईल? कामचुकार झाला तुझा पोरगा, गड्या."

दोघं-तिघं हसले. वाईट हसले असं नाही, रोज हसतात तसेच हसले. ओथाच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं.

"कामचुकार?" तो म्हणाला. "दर सोमवारी सुई खुपसून गुडघ्यातलं पाणी काढून घेतो तो. संघाच्या डॉक्टरला पत्ता लागू देत नाही आणि मंगळवारी उभा राहून पळतो. जिना उतरता येत नाही त्याला, आणि तरी पळतो. तुमच्यातल्या एकानं तरी असं काम केलंय कधी?"

तेव्हा ओथाला कळलं की आपण काय बोलून बसलो.

"हे इथंच राहू दे," तो म्हणाला.

"अरे, आपण काय परके आहोत का?" हॉलिस म्हणाला आणि कागद गुंडाळून ठेवला.

तिसऱ्या दिवशी हॉलिसची यादी इंटरनेटवर आली. जवारिस अडतिसावा नव्हता, कुठंच नव्हता. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं : 'टिलरीला हात लावू नका. घरच्या माणसाकडून कळलंय. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यातून दर आठवड्याला बाहेरच्या डॉक्टरकडून पाणी काढून घेतो, संघाला माहीत नाही.'

प्रेंटिसनंच ते ओथाला फोनवर दाखवलं. दाखवताना त्याचा चेहरा उतरला होता.

ओथा गॅरेजमध्ये गेला. हॉलिस एका बसखाली पाठीवर पडून काम करत होता. त्याचे बूट तेवढे बाहेर दिसत होते.

"हॉलिस, ते काढून टाक."

"आता काढून काय होणार? वाचलं लोकांनी." तो बाहेर आला नाही. "तुझं नाव घेतलंय का मी कुठं?"

"घरच्या माणसाकडून म्हणजे काय मग?"

"खोटं आहे का ते?" हॉलिसनं विचारलं. मग तो सरकत बाहेर आला, उठून बसला, हात पुसू लागला. "मला सांग, माहीत असून गप्प बसू? लोक विश्वास ठेवतात माझ्यावर. आणि त्या गुडघ्यावर तो हंगामभर खेळला असता तर जन्माचा लंगडा झाला असता. त्याचं भलंच झालंय यात."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हेच त्याला सोसेना. अडीच वाजत आले तसा तो बसकडे गेला. त्या बसचे ब्रेक आदल्या दिवशीच हॉलिसनं नवे बसवले होते.

एका शहरी वार्ताहरानं ती ओळ वाचली आणि कोचला सगळ्यांसमोर विचारलं. कोच म्हणाला, अफवांवर मी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी संघाच्या डॉक्टरांनी जवारिसला एमआरआयच्या मशीनमध्ये घातलं. महिनाअखेरच्या मंगळवारी, जेव्हा सगळे संघ जादा माणसं कमी करतात, तेव्हा त्याचं नाव कमी झालं. दुसऱ्या कुठल्याही संघानं बोलावलं नाही. गुडघ्याचा फोटो सगळ्यांनी पाहिला होता.

पण मधल्या दिवसांत आणखी एक घडलं, आणि ओथाला जन्मभर टोचत राहिलं ते हेच.

मशीनमध्ये जायच्या दिवशी सकाळी जवारिसचा फोन आला होता. "डॅडी, घरचा माणूस म्हणजे कोण असेल? तुम्ही कुणाला बोललात का?"

"नाही," ओथा म्हणाला. ते इतक्या पटकन तोंडातून निघालं की त्याचं त्यालाच कळलं नाही.

"नाही ना? मग डेव्हनच." जवारिसचा आवाज चढला. "बारा वर्षांची दोस्ती, आणि माझंच खातोय तो."

"घाई करू नकोस," एवढंच ओथा म्हणू शकला.

जवारिसनं त्याच दुपारी डेव्हनला घराबाहेर काढलं. डेव्हन शपथा घेत होता म्हणे, रडत होता. त्याच्या आईनं चर्चमध्ये वर्नेलला गाठून विचारलं, "माझ्या पोरानं तुमचं काय वाकडं केलं होतं हो?" वर्नेलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं घरी येऊन ओथाला विचारलं. ओथा खिडकीतून बाहेर बघत राहिला. एकवीस वर्षं कुठल्या पोरानं खिडकी फोडली हे बसच्या आरशात नुसते चेहरे बघून ओळखणारी बाई होती ती. शाळेच्या स्वयंपाकघरात जायच्या आधी ती त्याच्याच बसवर पोरं सांभाळायची.

"तू बोललास," ती म्हणाली.

"ते त्याला कामचुकार म्हणत होते, वर्नेल."

"म्हणू द्यायचं होतं. त्यांच्या म्हणण्यानं काय झिजत होतं त्याचं?" तिनं पर्स टेबलावर ठेवली. "आणि डेव्हनचं काय? किती दिवस झाले?"

"अकरा."

"अकरा दिवस तू त्या पोराच्या नावावर झोपतोयस. लाव फोन."

ओथानं फोन लावला. तोवर जवारिसचा संघ सुटून पाच दिवस झाले होते. ओथानं सगळं सांगितलं, टेबल, यादी, प्रेंटिसचं बोलणं, आपलं बोलणं. मध्ये एकदाही जवारिसनं त्याला थांबवलं नाही. शेवटी म्हणाला, "पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी तुम्हाला."

"हो."

"मी पळत होतो की नाही, हे प्रेंटिसला कळून काय मिळणार होतं तुम्हाला?"

ओथानं विचार केला. काहीतरी मिळणार होतं, त्या क्षणी ते फार मोठं वाटलं होतं. आता त्याला ते सांगता येईना.

"बरं, सर," जवारिस म्हणाला, 'डॅडी' नाही, आणि फोन ठेवला.

डेव्हनची त्यानं माफी मागितली, पण डेव्हन परत आला नाही. तो अटलांटाला एका गोदामात लागला. जवारिस टेक्सासला गेला, तिथं पिकअप ट्रक विकणाऱ्या एका दुकानात त्याला नोकरी मिळाली. दुकानदारानं त्याचा जुना, चेंडू घेऊन झेपावणारा फोटो दारात लावला होता, असं कुणीतरी गावात येऊन सांगितलं. मावशीच्या मयताला तो आला तेव्हा बापाशेजारीच बसला. ओथानं विचारलं, गुडघा कसा आहे. "बरा आहे, सर." प्रवास कसा झाला. "बरा झाला, सर." लोकांना वाटलं, किती वळण लावलेला मुलगा.

ओथा पुढे वर्षभर बसमध्येच जेवला. जॉर्जियाच्या उन्हात लोखंडाच्या त्या डब्यात घामानं शर्ट पाठीला चिकटायचा. वर्नेल म्हणायची, नोकरी सोड. तो म्हणायचा, पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. पुढच्या ऑगस्टमध्ये उष्म्यानं त्याला एकदा चक्कर आली, आणि दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन मुकाट्यानं खोलीत आला. प्रेंटिसनं खुर्ची सरकवली. हॉलिसनं शेंगांची पिशवी त्याच्या बाजूला ढकलली. ओथानं त्यातली एक शेंग घेतली.

टेबलावर नवी यादी होती. शेजारच्या काउंटीतला एक मुलगा चौथा होता. सगळे त्याच्याबद्दल बोलत होते.

"तुला काय वाटतं, ओथा?" हॉलिसनं विचारलं. "पायातलं तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं."

माफी मागायची हॉलिसची हीच तऱ्हा होती, हे ओथाला समजलं. त्याला उठून जाता आलं असतं. पण त्यानं त्या मुलाला टीव्हीवर पाहिलं होतं, आणि जे दिसलं होतं ते दिसलं होतं.

"डावीकडे वळताना कचरतो," तो म्हणाला.

हॉलिसनं कानावरची पेन्सिल काढली आणि चौथ्यावरून त्याला अकरावा केला.

रविवारी चर्चहून आल्यावर जवारिसचा आईला फोन यायचा. ओथा बाहेरच्या खोलीत बसून वर्नेलचं अर्धं बोलणं ऐकायचा. त्या रविवारी ती बोलता बोलता दारात आली, फोन छातीशी धरून.

"त्याच्या पहिल्या पिकअप ट्रकचे कागद कुठं आहेत, विचारतोय. विकायचाय म्हणे."

ओथा खुर्चीतून अर्धा उठला. "दे, मी सांगतो त्याला."

वर्नेल हलली नाही. "मला सांग," ती म्हणाली. "मी सांगते."

"शिवणाच्या मशीनमागं," ओथा म्हणाला. "तपकिरी पाकिटात."

ती फोन कानाला लावत आत गेली.