शेवटची गोणी

आप्पांचा मार्केटमधला शेवटचा दिवस उजाडला, तरी त्यांचा गोणी वाहतानाचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता. मी लग्नांचे फोटो काढून पोट भरते, म्हणजे ही लाज माझीच. त्या सकाळी सानपाड्याहून त्यांच्याबरोबरच तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गेले. ट्रक ते गाळा, एवढ्याशा अंतरात त्यांची तीस वर्षं गेली.

"आप्पा, जरा थांबा ना," पहिल्याच गोणीला मी ओरडले. माथाडी कामगाराच्या पोरीने तरी असं बोलू नये. ओझं पाठीवर आलं की माणूस थांबत नाही; थांबला की तेच ओझं दुप्पट होतं. ते माझ्याकडे न बघता पुढे गेले.

मग मी शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवलं. तेवढ्या वेळात धावता माणूसही जागच्या जागी थिजतो. फोटो लख्ख आला, मी खूश. चहाला बसल्यावर आप्पांना दाखवला.

"ह्यात मी हुबा हाय," ते म्हणाले. "वझं घिऊन म्या कवा हुबा ऱ्हायलो गं?"

खरंच होतं. राग आला, तो माझाच. उपाय मला पाठ होता. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत सावकाश करायचं आणि माणसाच्या चालीने कॅमेरा फिरवायचा. माणूस स्पष्ट येतो, मागचं सगळं पुसट होऊन वाहतं. मोटारसायकलवरून एंट्री घेणाऱ्या नवऱ्या मी अशाच टिपते, आणि चुकत नाही.

इथे चुकले. आप्पांच्या चेहऱ्याचा नुसता फराटा आला. पुन्हा काढला, पुन्हा तेच. ट्रकमध्ये एकच गोणी उरली.

स्क्रीनकडे नीट बघितलं. दोन्ही फोटोंत कॅमेरा त्यांच्या पुढे निघून गेला होता. लहानपणी मी डबा द्यायला यायचे, तेव्हाचे आप्पा जवळजवळ धावायचे, आणि मी अजून त्यांच्याच चालीने फिरत होते. हे आप्पा उजवा पाय जपत चालत होते. एका घरात राहून मला ते दिसलं नव्हतं. फार वाईट वाटलं, पण रडत बसायला सवड नव्हती.

शेवटच्या गोणीला मी पाय रोवले, त्यांची दोन पावलं मनात मोजली आणि तेवढ्याच संथपणे फिरले.

चेहरा आला. मागचे ट्रक, गाळे सगळे वाहून गेलेले. आप्पांनी कॅमेरा हातात घेऊन आधीचे दोन फराटेही बघितले, मग पुन्हा हा.

"ह्यात चाललोय," ते म्हणाले. "मग आधीचं दोन का बिघडलं?"

"माझाच वेग जास्त झाला, आप्पा," मी म्हणाले.