काऊन विचारलं म्हणून

“काव काव कर. मोठ्यानं.”

केशोरीच्या शाळेत, तिसरीच्या वर्गासमोर गुरुजींनी मला उभं केलं होतं. मी एवढंच विचारलं होतं, “गुरुजी, पाच होते ना? मंग शून्यानं गुनल्यावर शून्य काऊन?”

गुरुजी बाहेरगावचे, शुद्ध बोलणारे. ‘का’ न म्हणता आम्ही ‘काऊन’ म्हणतो, याची त्यांना भारी मजा वाटायची. माझा बाप गावच्या मालगुजाराच्या शेतावर नांगर हाकायचा. मालगुजाराचा पोरगाही काऊनच म्हणायचा. त्याला कोणी कावळा केलं नाही.

मी काव काव केलं. वर्ग पोट धरून हसला.

तेव्हापासून मी तोंड शिवलं. पाटीवर बरोबर लिहिलं की कोणाचं तरी पाहिलं म्हणून छडी बसायची. चुकलं की नुसतं हसायचे. हसणं परवडलं. मग मुद्दाम चुकू लागले. उत्तर डोक्यात तयार असायचं, ते गिळायचं आणि भलतंच लिहायचं. वर्षभरात पक्की ढ झाले. पहिलीत घडाघडा पाढे म्हणणारी पोर अशी कशी झाली, हे एकाही शहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

चौथीची शाळा सुरू झाली आणि गुरुजींनी माझ्या बाला बोलावलं. बा पायरीखाली उभा राहिला, हात जोडून.

“हिच्या डोक्यात शेण आहे. घरी ठेव. शेण तरी वेचेल.”

“डोस्काच नाही तं कायले पाठवू, गुरुजी? उद्यापासून धानाच्या रोवन्यावर नेतो.”

गुरुजींचं शेण मला नवं नव्हतं. बापानं ते खरं मानलं, ते झोंबलं.

“बा, मले येते. सारं येते. मी जानूनबुजून चुकत होती.”

“आता खोटंही बोलते,” गुरुजी म्हणाले.

बानं तिथंच माझ्या कानफटात दिली. गुरुजींसमोर तोंड उघडलं म्हणून. मग तो निघाला. मी त्याच्यामागं गेले नाही. वर्गात जाऊन बसले.

फळ्यावर भागाकार होता. मी पाटीवर उत्तर लिहिलं. बरोबर लिहिलं.

“पूस ते.”

मी पुसलं नाही. छडी बोटांवर बसली, मनगटावर बसली. पाटी छातीशी धरून ठेवली.

ढ राहून मी मार चुकवला होता, आणि त्यातच बाप गमावत होते. धानाच्या बांधीत रोवायला नेलं तर बांधीतून पळून येईन. हात मोडला तर डाव्या हातानं लिहीन. पण जे येतं ते येतच नाही असं आता कोणासाठीही दाखवणार नाही.