चार्ल्सटनचं दार

"बेन, काकानुं बारणुं बंध छे..." बडोद्यातल्याच गोत्रीहून दादाच्या शेजारणीचा, हंसाबेनचा फोन आला. संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या कुणाचं दार बंद असतं तर त्यात कळवण्यासारखं काय होतं? पण दादाचं दार या वेळी बंद नसे. मी वासण्याहून रिक्षाने पोचले तोवर शेजाऱ्यांनी कडी तोडली होती. दुपारच्या झोपेतून दादा उठलाच नव्हता.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. वहिनी गेल्यावर त्याची मुलगी मेधा त्याला काही महिने अमेरिकेला घेऊन गेली, चार्ल्सटनला. तेव्हा बडोद्यातली घरोघरची मुलं कॉम्प्युटर शिकून तिकडे जायला लागली होती आणि आईबाप परतताना चॉकलेटं आणि मॉलची वर्णनं आणत. दादाने आणली जुन्या घरांची वर्णनं. रस्त्याकडे नुसती कड करून उभी असलेली लांबट घरं, बाजूला ऐसपैस व्हरांडे, आणि खाण्यावर जीव टाकणारं गाव. तिथल्या एका खाणावळीत त्याने चवळीभात खाल्ला. मांसाशिवाय मागितला, म्हणून कोण आलंय ते बघायला स्वयंपाकीणबाई स्वतः बाहेर आली आणि उभी राहून वाढून गेली. "एवढा समुद्र ओलांडून चवळीभात?" मी चिडवलं. "तुझ्या वहिनीच्या हातच्यासारखाच मऊ होता गं," तो म्हणाला.

त्याच्या मनात भरलं होतं ते मात्र तिथलं दार. रस्त्यावरचं दार घरात उघडत नाही, व्हरांड्यात उघडतं. पूर्वी म्हणे ते उघडं दिसलं की लोकांनी समजायचं, घरची माणसं रिकामी आहेत, गप्पा मारायला जावं.

परत आल्यावर दादाने गोत्रीत तिसऱ्या मजल्यावर चार्ल्सटन सुरू केलं. रोज पाच वाजता दारात वहिनीचा वरवंटा लावायचा आणि टेबलावर चहाचे कप मांडायचे. पण सोसायटीतली माणसं पडली भली! म्हातारा विसरला असेल, मांजर शिरेल, चोर येईल... जो तो जाता-येता वरवंटा पायाने सरकवून दार ओढून घेई. "काका, बारणुं खुल्लुं रही गयुं!" दादा आतून ओरडे, "रही नथी गयुं, राख्युं छे! आवो ने!" राहिलं नाही, मुद्दाम ठेवलंय, या ना! पण तोवर माणूस जिन्यावर. दादा उठून पुन्हा वरवंटा लावी. मी रविवारी जायची. बाकी कोण येतं, विचारलं की म्हणे, "येतील गं. सवय नाही अजून." मला त्या भल्या माणसांचा भयंकर राग यायचा.

तेराव्याला हंसाबेन डोळे पुसत म्हणाल्या, "मी तर रोज बंद करत होते. त्या दिवशी आधीच बंद होतं, म्हणून जीव घाबरला." त्यांच्यावर रागावणं काही मला जमलं नाही.

मेधा घर आवरून परत गेली. मी फक्त वरवंटा मागून घेतला. आता वासण्याला माझ्या दारात तो असतो, पाच वाजता. घरात मी एकटीच, आणि दादाशिवाय रविवार फार लांबतो. परवा बाहेरून कुणीतरी पायाने वरवंटा सरकवू लागलं. मी आतून ओरडले, "राख्युं छे! आवो ने!"

पावलं जरा थांबली... मग जिन्याने खाली गेली. मी उठून वरवंटा पुन्हा लावला आणि दोन कप चहाचं आधण ठेवलं.