चंपाचा दाणा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. विश्वास होता तो स्वतःच्या हुशारीवर... आणि आयुष्यात मला जास्त वेळा तिनंच झपाटलंय!

१९४८चा उन्हाळा, निजामी राजवटीचे शेवटचे महिने. हैदराबादेत मानसशास्त्र शिकून मी नुकताच आलो होतो. मानवतला कापसाच्या एका जिनिंगच्या शेडमध्ये जाळपोळीतून वाचलेली खेड्यांतली पोरं ठेवली होती. त्यांच्या मनातली भीती काढायचं काम मी अंगावर घेतलं. आणि पहिल्याच दिवशी, घरं जळालेल्या पोरांना चित्रं काढायला मी काय दिलं असेल? कोळसा! निम्मी पोरं रडत पळाली.

स्वयंपाक करणाऱ्या मथुराबाईंनी कपाळावर हात मारला आणि पोरांपुढं टोपलंभर सरकी ओतली. "खेळा रे."

त्यांत ताडकळसकडची चंपा होती. वय सहा. गाव जळाल्यापासून बोललेली नाही. आई पळापळीत चुकली. ती गेलीच, असं सगळ्यांनी धरलेलं. चंपा ओट्याच्या एका टोकाला सरकीचं घर मांडायची, अन् दुसऱ्या टोकाला एकच दाणा. तो दाणा रोज थोडा थोडा घराकडं सरकवायची.

मी पुस्तक उघडलं. पोरगी खोट्या आशेवर झुरतेय, असं निदान केलं... आणि दाणा उचलून खिशात टाकला.

चंपानं जेवण सोडलं. तीन दिवस. मग मथुराबाई परात आपटतच आल्या.

"मास्तर, लय शिकलाव तुमी! आपल्या मायला चालवायली ती. ठिवा तो दाना!"

मी दाणा होता तिथं परत ठेवला.

दोन दिवसांनी दाणा घराला टेकला. त्याच दुपारी फाटकातून एक बाई आली, पायांना चिंध्या गुंडाळलेली. चंपाची आई!

"लय दिस लागले गं बाई," मथुराबाई म्हणाल्या.

"पुसत पुसत चालतच होते. पर पिंगळीच्या टेसनावर तीन दिस बसून ऱ्हायले. ताप न्हाई, काई न्हाई... पायच उचलंनात."

मी वार विचारले. तेच तीन. पिंगळीहून कुणी निरोप आणला होता का, तेही विचारून पाहिलं. कुणीच नाही. योगायोग म्हणा... मीही म्हणून पाहिलं, जमत नाही.

तेवढ्यात आईच्या कडेवरून चंपा बोलली. माझ्याकडं बोट करून –

"माय, ह्या मास्तरानंच अडवलं तुला."

सगळ्या शेडसमोर मी, पदवीधर माणूस, कान धरून उभा राहिलो. नेमकी कशाची माफी मागत होतो, ते आजही मला सांगता येत नाही.