लोलो इस्तोयची तारीख

सान इसिद्रोच्या तुरुंगात ग्लोरिफे दुमालागान फाटकावर होती. तिच्यामागून भरती झालेली पोरं वर चढली, बदल्या घेऊन मनिलाला गेली, आणि ही बाई किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून तिथंच. का? तर वरच्या जागेला फौजदारी न्यायातली मास्टर्स पदवी लागते, आणि कॉलेजात नाव लागायचं तर तुरुंगाधिकाऱ्याची परवानगी लागते. तुरुंगाधिकारी म्हणजे तबारेस सर. ते दरवर्षी गोड हसून ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचे. फाटक उघडून, लावून, उघडून आपण नक्की कुठल्या बाजूला आहोत हेच तिला कळेनासं झालं होतं. तिथून सुटायचं, आणि निघताना मागे वळून बघायचं नाही, एवढं एकच तिच्या मनात होतं.

मागे वळून बघावं लागेल असा एकच माणूस आत होता. लोलो इस्तोय. लोलो म्हणजे आजोबा. जन्मभर ऊस तोडून कंबर वाकलेला. कुणाचा तरी झुंजीचा कोंबडा चोरला म्हणून आत आला. गुन्हा शाबित झाला असता, तरी शिक्षा भोगून केव्हाच घरी गेला असता. पण खटलाच उभा राहीना. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा साक्षीदार गायब, कोंबड्याचा मालक तर दुबईला निघून गेला. कोंबडाही एव्हाना कुणाच्या तरी पोटात गेला असेल. म्हातारा मात्र सहा वर्षं तिथंच.

दर सोमवारी तो चटईखाली दाबून ठेवलेला पांढरा सदरा घालून फाटकाशी यायचा आणि विचारायचा, “इंदाय, माझी तारीख कधी?”

घरच्या लेकीला आमच्याकडे इंदाय म्हणतात. तिला ते लागायचं.

“लागेल, लोलो. पुढच्या सोमवारी,” ती म्हणायची. खोटं बोलायची. दुसरं काय बोलणार?

एकदा मात्र राहवलं नाही. तिनं म्हाताऱ्याच्या सुटकेचा कोर्टाला द्यायचा विनंतीअर्ज स्वतः लिहून काढला आणि सरांपुढे ठेवला. सही एवढीच बाकी. सरांनी तो खणात सारला. खण कसला, विहीरच ती. आत गेलेलं वर यायचं नाही.

यंदा नवल घडलं. सरांनाच बढतीसाठी मास्टर्स हवी झाली. त्यांनी ग्लोरिफेला बोलावलं, कॉफी पाजली, म्हणाले, दोघंही अर्ज करू, तुझ्या परवानगीचं माझ्याकडे लागलं. फक्त तो ‘मला ही पदवी का हवी’वाला निबंध तेवढा माझाही लिहून दे. साहेबाचा अभ्यास हाताखालच्यानं करायचा ही आमच्याकडची जुनी रीत, त्यात कुणाला लाज वाटत नाही. ग्लोरिफेनं लिहून दिला. देशसेवा, शिस्त, कर्तव्य, सगळं ठासून भरलेलं.

सरांनी तो वाचून नाक मुरडलं. याला मीठ नाही म्हणाले. मग म्हणाले, तुझा दाखव. आता नाही कसं म्हणायचं? तिनं दाखवला. त्यात लोलो इस्तोय होता, त्याचा पांढरा सदरा होता, आणि दर सोमवारी खोटं बोलणारी एक बाई होती. कायदा शिकायचाय तो एवढ्यासाठी, की पुन्हा असं खोटं बोलावं लागू नये, असं तिनं शेवटी लिहिलं होतं.

सरांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, “हा मला दे. तो पहिला तू घे.”

“हो सर,” ग्लोरिफे म्हणाली.

आयत्या बिळावर नागोबा! आणि हिला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. घरी येऊन तिनं भात शिजवला, सुकी मासळी तळली आणि न जेवताच झोपली.

मुलाखतीला दोघं एकाच गाडीतून गेले. आधी तिला आत बोलावलं. डीनबाई साल्वासियोन मॅडम करड्या केसांच्या, आवाज मऊ. तुमच्या निबंधात तुम्ही स्वतः कुठंच दिसत नाही, असं त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. मग दुसरा कागद उचलून म्हणाल्या, “तुमच्या साहेबांनी बघा काय लिहिलंय. मी रडले. तो म्हातारा सुटला, हे वाचून बरं वाटलं. कसे आहेत आता ते?”

सुटला? सरांनी शेवट बदलला होता. म्हाताऱ्याला कागदावर घरी धाडलं होतं आणि तो प्रत्यक्षात काल संध्याकाळी आवारात गवत उपटत होता. खरं सांगावं तर दाराबाहेर सर बसलेले, परवानगी त्यांच्या हातात. खोटं सांगावं तर म्हातारा कागदावर कायमचा सुटलेला, मग त्याला सोडवायला कोण येणार? इकडे आड, तिकडे विहीर. डीनबाई उत्तराची वाट बघत होत्या.

“बरे आहेत, मॅडम,” ती म्हणाली. “घरीच असतात. तुमच्या विद्यार्थ्यांना त्यांचं ऐकायला आवडेल. सर स्वतः घेऊन येतील त्यांना.”

डीनबाई खूश झाल्या. पुढच्याच मुलाखतीत त्यांनी सरांना तसं सांगून टाकलं: वर्ग सुरू होतील त्या दिवशी आजोबांना घेऊनच या.

परतताना सरांनी गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं. खण उघडा होता. म्हाताऱ्याचा विनंतीअर्ज काढून त्यावर सही केली, कोर्टात आजच पाठव म्हणाले. मग तिचा परवानगीचा कागद उचलला आणि त्याच खणात ठेवला.

“फाटकाला तुझ्यासारखी माणसं मिळत नाहीत, ग्लोरिफे. पुढच्या वर्षी बघू.”

साहेबाच्या सहीनं काय होतं बघा. कोर्टानं म्हाताऱ्याला महिन्याच्या आत सोडलं. तो पांढरा सदरा घालून, पिशवी काखेत मारून फाटकाशी आला. ग्लोरिफेनं कुलूप काढलं. तो बाहेर गेला, दोन पावलं गेला आणि पुन्हा वळून गजांपाशी आला. ती आतून कुलूप लावत होती. कॉलेजात तिचं नाव लागलं नाही, हे त्यानं आधीच कुणाकडून तरी ऐकलं असावं.

“इंदाय,” त्यानं विचारलं, “तुझी तारीख कधी?”

किल्ली फिरवून तिनं कुलूप एकदा ओढून पाहिलं.

“लागेल, लोलो,” ती म्हणाली. “पुढच्या सोमवारी.”