काथ्याच्या दुकानावरची मैफल

कोळिकोडला जायचं ठरलं ते रेम्यामुळे. बंगळूरला बसवनगुडीत मी घरीच गाणं शिकवते, त्याला आता पस्तीस वर्षं झाली. रेम्या माझी विद्यार्थिनी, मूळची तिकडची. तिचे वडील शशिधरन तिथल्या जुन्या बाजारात काथ्याचे दोर विकतात आणि दुकानाच्या माडीवर दर रविवारी दुपारी गाणं असतं.

"मॅडम, तिकीट नाही, माइक नाही, स्टेजसुद्धा नाही," ती म्हणाली. "बाजार बंद असतो, म्हणून हमालही येतात. तेच गातात."

"शिकलेत कुणाकडे?"

"रेडिओकडे."

हे ऐकल्यावर मी नाहीच म्हणणार होते. पण धाकट्या बहिणीला, सुमनला, समुद्र बघायचा होता. ती जे. पी. नगरहून शुक्रवारी बॅग भरूनच माझ्याकडे आली. वाद संपला.

शनिवारी पहाटे सहाला म्हैसूर रोडच्या स्टँडवरून बस पकडली. साधी बस, माणशी सातशेच्या आत. जाणाऱ्यांनी दिवसाचीच घ्यावी. बंदीपूरच्या जंगलातून रात्री मोजक्याच गाड्या सोडतात आणि अंधारात हत्तीही दिसत नाहीत. आम्हाला दिवसाही दिसले नाहीत, पण हरणं दिसली. नव्या महामार्गानं मद्दूर बाजूला पडतं, तेव्हा तिथल्या प्रसिद्ध वड्याच्या आशेवर उपाशी निघू नका. गुंडलुपेटला इडली बरी मिळते, कॉफी नाही.

वायनाडच्या पुढं नऊ वळणांचा घाट लागतो. पाचव्या वळणावर शशिधरनांचा फोन आला. हिंदीत म्हणाले, उद्या मूसक्का गाणार आहेत. तिकडे मोठ्या भावाला इक्का म्हणतात, म्हणून मूसा झाले मूसक्का. पेशानं शिंपी. माडीवरचा सगळ्यात चांगला गळा त्यांचा. पण घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून, म्हणजे दीड वर्षं, ते येतात, मागं बसतात आणि तोंड उघडत नाहीत. सगळ्यांनी विनवून झालं. तरुणपणी ते मुंबईत कामाला होते, तिथं समोरच्या चाळीतल्या भजनी मंडळाचा एक अभंग शिकले होते. मराठी पाहुणी येतेय म्हटल्यावर तो गायला कबूल झाले. "उद्या गायले तर पुढंही गातील," शशिधरन म्हणाले. "नाहीतर संपलं समजा."

सुमननं हे सगळं कान लावून ऐकलं. "बरं झालं, मूसक्का आहेत, तिथं अक्का तू एकटी नाहीस," ती म्हणाली. "आणि उद्या स्वल्प गप्प बसायचं. ते तुझ्या क्लासात नाव घालायला आलेले नाहीत."

"मला कळत नाही का?"

"कळतं गं. तोंडाला कळत नाही."

चारच्या सुमाराला पोहोचलो. स्टेशनजवळच्या स्वच्छ लॉजमध्ये दोघींची खोली बाराशेला मिळाली. संध्याकाळी समुद्रकाठी जुन्या धक्क्याचे लोखंडी खांब पाण्यात उभे होते, सुमन त्यांच्याकडे बघत मिठातला आवळा खात बसली. तिथल्याच एका कॅफेत शनिवारी गिटारवर गाणं असतं. चहा ऐंशी रुपये, त्यात गाणं धरलेलं. एक मुलगी चांगली गात होती, पण स्पीकर एवढा मोठा की तिचं चांगलं गाणं अंदाजानंच ठरवावं लागलं. लोक बोलत होते. ती संपवायची, लोक टाळ्या वाजवून पुन्हा बोलायला लागायचे. तरुण असाल तर तिथं जरूर जा.

रविवारी तीनला बाजारात गेलो. सगळी दारं बंद, गल्लीत सुक्या मिरच्यांचा वास. दोराच्या दुकानाला आतून जिना होता, शिडीसारखा उभा, आणि धरायला वरून एक जाड दोर सोडलेला. सुमन म्हणाली, "दुकानाची जाहिरात." वर चटया, एक पेटी, तबला, पंचवीस-तीस माणसं. बायका आम्ही दोघीच. आम्हाला भिंतीला टेकायची जागा मिळाली आणि लिंबू पिळलेला काळा चहा आला, सुलेमानी म्हणतात तो. पैसे घेत नाहीत. जाताना बिस्किटं नेली तर चालतात.

पहिला गाणारा एक हमाल होता. मधेच ताल सोडून भटकला. मी शशिधरनांकडे पाहिलं. ते हळू आवाजात म्हणाले, "इथं कुणी चुकलं तर तबलेवाला त्याच्या मागं जातो आणि त्याला घेऊन येतो. आम्ही वाट बघतो."

"आमच्याकडे थांबवतात," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "रेम्या सांगते."

मग मूसक्का पुढं आले. सडसडीत, सत्तरीचे, गळ्यात मऊ मफलर. मला मराठीत म्हणाले, "बाई, लई वर्षं झाली. सांभाळून घ्या." पेटीवर सूर धरला. आवाज फाटका होता, वर जाताना नुसती हवाच यायची, पण शब्द स्वच्छ होते. चाळीतल्या कुणा बुवानं लावलेलं वळण त्यांनी जसंच्या तसं जपलं होतं. खोलीत कुणी हलत नव्हतं. पहिला अंतरा नीट झाला. दुसऱ्यात श्वास पुरला नाही आणि ते समेच्या दोन मात्रा आधीच ध्रुपदावर आले. तबलेवाल्यानं मान उचलली. तो निघाला होता त्यांच्या मागं, मी ते पाहिलं.

आणि माझा हात वर गेला. क्लासात जातो तसा. "थांबा. सम चुकली. अंतऱ्यापासून परत."

पेटी थांबली. सुमननं माझं मनगट धरलं, पण तेव्हा उशीर झाला होता.

मूसक्का माझ्याकडे बघून हसले. "बरोबर आहे, बाई. चुकली." त्यांनी पेटीचा भाता मिटवला, खटका लावला, पेटी शेजारच्याकडे सरकवली आणि मागं जाऊन आपल्या जागी बसले. "गा ना, मी उगाच बोलले," मी म्हणाले. शशिधरनही काहीतरी म्हणाले. मूसक्कांनी फक्त हात जोडले. मग दुसरं कुणीतरी गायलं. मला ते आठवत नाही.

सोमवारी सकाळी बसच्या आधी मूसक्कांच्या शिवणाच्या दुकानी गेले. ते मशीनवर बसून परकराला नेफा घालत होते. मी म्हणाले, "काल मी थांबवायला नको होतं."

"पण चुकलं होतं ना?"

नाही म्हणायला हवं होतं. एक शब्द. "हो," मी म्हणाले.

"मग झालं तर. ही मंडळी मला कधीच सांगणार नाहीत." त्यांनी दोरा तोडला. "मला वाटत होतं, आत अजून तोच आवाज आहे. काल मीच ऐकला. मागं बसलेलं बरं." मग चहा मागवला, बंगळूरची हवा विचारली. त्यांच्या बोलण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

परत येताना सुमननं घाटाची नऊच्या नऊ वळणं खिडकीतून मोजली. म्हैसूरच्या पुढं म्हणाली, "हलवा घ्यायचा राहिला." तेवढंच.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. माझ्या क्लासात तबल्याचं यंत्र आहे, ते कुणाच्या मागं जात नाही. मुलं चुकली की अजूनही माझा हात उठतो. कधी वाटेत धरते, कधी नाही. दर मंगळवारी रेम्या येते आणि मी विचारते, "गायले का?" ती म्हणते, "नाही, मॅडम. येतात, मागं बसतात." गेल्या आठवड्यात मी विचारलं नाही. तानपुरा लावता लावता तिनं आपणहून नाही अशी मान हलवली.

तुमच्यापैकी कुणी कोळिकोडला जाणार असेल तर रविवारी तीनला त्या माडीवर जरूर जा. जुन्या बाजारात दोराचं दुकान विचारलं की कुणीही दाखवतं. चपला खाली काढा, जिन्यातला दोर घट्ट धरा, भिंतीशी बसा आणि हात मांडीवर ठेवा. मफलर घातलेले एक म्हातारे शिंपी मराठी अभंग गाताना दिसले तर मला इथं खाली लिहून कळवा. कसे गायले ते नको. गायले, एवढंच लिहा.